पहिला पगार हाती येईपर्यंत

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुटीपूर्वी सातवीच्या वर्गाला मी फळ्यावर एक गणित घातले. गणित साधेच होते. एक गडी १ जूनला मुंबईच्या गिरणीत कामाला लागला. त्याला पगार महिना तीस रुपये. एका महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेला मिळतो. खोलीभाड्याचा वाटा इतका, जेवणाचे इतके, गावी पाठवतो ते इतके. तर वर्षाअखेर त्याच्याजवळ शिल्लक किती? आकडे माझ्या मनाचे होते, पण पगाराची ती रीत मात्र खरी होती. मुले खाली माना घालून वजाबाकी करू लागली. इतक्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "गुरुजी, पहिला पगार दीड महिन्याने मिळाला, तर तोवर त्यानं खाल्लं काय?"

वर्ग हसला. मीही हसलो, आणि "आधी गणित पुरं कर" म्हणून तिला खाली बसवले. मास्तरकीचा हा एक जुनाच दोष आहे; उत्तर सुचले नाही की आपण शिस्तीचा आधार घेतो. परंतु घरी आल्यावर तो प्रश्न काही केल्या मनातून जाईना. मुंबईच्या गिरणगावाचा सारा इतिहास त्या एका प्रश्नात सामावला आहे, असे मला वाटू लागले.

मुंबईत कावसजी नानाभाई दावर यांची पहिली कापडगिरणी १८५६ साली ताडदेवला सुरू झाली. त्याआधी तीन वर्षे, १८५३ साली, बोरीबंदरहून ठाण्याला आगगाडी धावू लागली होती. पुढे गिरण्या वाढत गेल्या. ताडदेव, भायखळा, लालबाग, परळ, वरळी असा एक धुराड्यांचा मुलूखच उभा राहिला. विसाव्या शतकाच्या आरंभी गिरण्यांची संख्या ऐंशीच्या आसपास होती, आणि पहिल्या महायुद्धानंतर त्यांतील कामगार दीड लाखाच्या घरात गेले होते. ही माणसे आली कोठून? १९२१ च्या शिरगणतीत मुंबईची वस्ती पावणेबारा लाख भरली, आणि शंभरांतली चौऱ्याऐंशी माणसे मुंबईबाहेर जन्मलेली निघाली. त्यांत मोठा वाटा आमच्या रत्नागिरी जिल्ह्याचा. घाटावरून सातारा-पुण्याची माणसे आली, ती निराळीच.

कोकणचा माणूस आगबोटीने यायचा. हर्णै, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग, मालवण अशी बंदरे घेत बोट मुंबईला लागे. एक वळकटी, एक पत्र्याची पेटी, त्यात तांदळाची पुरचुंडी, चार सुके बांगडे आणि गाववाल्याच्या चाळीचा पत्ता, एवढ्या भांडवलावर तो हिंदुस्थानातल्या सर्वांत महागड्या शहरांपैकी एकात उतरे. भाताचे एक खंडीभर उत्पन्न डोळ्यांपुढे ठेवून हिशेब करणाऱ्या त्या माणसाला पाण्यापासून जळणापर्यंत सारेच विकत घ्यावे लागणार, हे ऐकूनच निम्मा धीर सुटत असेल.

काम लगेच लागे असेही नाही. गिरणीच्या फाटकाशी पहाटे जाऊन उभे राहायचे. कोणी गैरहजर असला तर त्याच्या जागी बदली म्हणून आत घ्यायचे की नाही, हे जॉबरच्या मर्जीवर. ती मर्जी राखायला दस्तुरी द्यावी लागे. म्हणूनच कामगार गिरणीच्या सावलीलाच राहत. १९२० नंतरच्या दशकात शंभरांपैकी नव्वद गिरणी-कामगार गिरणीपासून पंधरा मिनिटांच्या चालीवर राहत होते असे आढळून आले. ट्रामचे भाडे वाचे, आणि भोंग्याच्या आधी फाटकाशी पोचताही येई.

आणि काम लागले, तरी पगार हाती कधी यायचा? इथे त्या मुलीचा प्रश्न येतो. मुंबईच्या गिरण्यांत महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या मध्याला वाटण्याचा प्रघात होता. म्हणजे नव्या माणसाने दीड महिना राबायचे आणि मग पैसा पाहायचा. जुन्यांचाही पंधरवड्याचा पगार मालकाच्या तिजोरीत कायमचा अडकलेला. कामगार नोकरी सोडून जाऊ नये, हा त्यातला हेतू. पगार लवकर देता येत नव्हता असे मात्र नव्हे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, माणसे गावोगाव पळाली, गिरण्यांना हात मिळेनासे झाले. तेव्हा याच गिरण्यांनी रोजचा पगार रोज मोजून दिला. साथ ओसरली, माणसे परतली, आणि पगार पुन्हा पुढच्या महिन्यावर गेला. पगार अमुक दिवसांत दिलाच पाहिजे, असा कायदा व्हायला १९३६ साल उजाडावे लागले. मोठ्या कारखान्यांना दहा दिवसांची मुदत मिळाली. तरीही नव्या माणसाचे पहिले चाळीस दिवस कोरडेच राहिले.

मग या कोरड्या दिवसांत तो जगला कसा?

पहिला आधार गावकऱ्यांच्या खोलीचा. एकेका गावच्या माणसांनी मिळून एक खोली धरायची, भाडे सर्वांनी वाटून द्यायचे. खोली ती केवढी! भिंतीला ओळीने खुंट्या, खुंटीखाली ज्याची त्याची पेटी, आणि वळकट्या गुंडाळून कोपऱ्यात. रात्रपाळीचा माणूस सकाळी येऊन ज्या जागी पाठ टेकी, ती जागा दिवसपाळीच्या माणसाने नुकतीच सोडलेली असे. नवा आलेला पोरगा पहिले काही दिवस या खोलीचा पाहुणा. त्याच्याकडे कोणी भाडे मागत नसे. काम लागले की तो वाटेकरी होई, आणि पुढे बोटीतून उतरणाऱ्या दुसऱ्या पोराला जागा देई. गोव्याच्या माणसांनीही धोबीतलाव, माझगाव या भागांत आपापल्या गावांचे 'कूड' असेच चालवले. बोटीवर खलाशी किंवा आचारी म्हणून जाणारा गोवेकर दोन सफरींच्या मध्ये तेथे आपली पेटी ठेवी.

सरकारनेही घरे बांधली होती. १९२० साली विकास खाते निघाले, आणि वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे बी. डी. डी. चाळी उभ्या राहिल्या. एकंदर २०७ इमारती, तीन माळ्यांच्या, एकेक खोली सुमारे १६० चौरस फुटांची. त्यांच्यासाठी मुंबईत येणाऱ्या कापसावर गासडीमागे रुपया कर बसवला होता. पण आरंभी यांतल्या पुष्कळ खोल्या ओस पडल्या. वरळी गिरण्यांपासून दूर, जवळ बाजार नाही, आणि भाडे परवडणारे नाही. पक्क्या भिंतीपेक्षा गरिबाला गाववाल्याची ओळख आणि दुकानदाराची उधारी अधिक मोलाची वाटते, हे खात्याच्या ध्यानात आले नव्हते.

दुसरा आधार वाण्याच्या वहीचा, आणि तो सर्वांत महागडा. तो पुरेनासा झाला की सावकार. रुपयाला महिन्याला एक आणा व्याज हा त्या वेळचा सर्रास दर. ऐकायला आणाच, पण माझ्या सातवीच्या मुलांनाही कळेल की वर्षाचे बारा आणे झाले, म्हणजे शेकडा पंचाहत्तर!

१९२१-२२ साली मुंबई सरकारच्या मजूर कचेरीने कामगारांच्या घरखर्चाची मोठी पाहणी केली. सुमारे अडीच हजार कुटुंबांचे आणि सहाशे एकट्या माणसांचे जमाखर्च तपासले. कुटुंबाची सरासरी मिळकत महिना बावन्न रुपयांच्या आसपास निघाली. तीही घरातल्या सर्व कमावत्यांची मिळून. निम्म्याहून अधिक पैसा नुसता पोटात जात होता. शंभरांतली सत्त्याण्णव कुटुंबे एकाच खोलीत राहत होती, आणि सत्तेचाळीस कर्जात होती. एक वाक्य तर वाचकाने दिवाळीचा लाडू हाती घेऊन वाचू नये असे आहे. या कामगाराच्या वाट्याला येणारे धान्य दुष्काळी कामावरच्या मजुराइतके होते, पण मुंबई सरकारच्या तुरुंगातल्या कैद्याला नियमाने मिळे त्याहून कमी भरत होते.

तिसरा आधार खाणावळीचा, आणि माझ्या मते तोच खरा. १९२१ साली मुंबईत हजार पुरुषांमागे सुमारे सव्वापाचशे स्त्रिया होत्या. इतक्या एकट्या पुरुषांना शिजवून कोण घालणार? चाळीतल्याच बायका. कोणाचा नवरा आजारी, कोणाचा वारलेला, कोणाचा पगार पुरत नाही. एका खोलीत दहा-वीस माणसांचे जेवण होई. कोकण्याला भात आणि कालवण हवे, घाटावरच्याला भाकरी. म्हणून खाणावळीही मुलखामुलखाच्या. पैसे पगाराच्या दिवशी. गडी गावी गेला किंवा जेवायला आला नाही तर त्या दिवसांचा 'खाडा' धरून हिशेब कमी करायचा. होळीला आणि गणपतीला सारी चाळ गावी जाई, आणि खाडे मोजता मोजता खाणावळवालीचा महिना बुडे.

माझ्या आईची एक मावशी लालबागेत अशी खाणावळ चालवीत असे. लहानपणी मे महिन्यात मी तिच्याकडे गेलो आहे. तिला अक्षर येत नव्हते. दाराआडच्या भिंतीवर ती कोळशाने रेघा ओढी. उभी रेघ जेवणाची, फुली खाड्याची. प्रत्येक माणसाची जागा ठरलेली; नाव म्हणून त्याच्या जागेशी एखादी खूण, कोणाला मासा तर कोणाला टोपी. एका नव्या पोराच्या नावाने रेघाच रेघा वाढत होत्या आणि पैसा येत नव्हता. मी मोठ्या शहाणपणाने म्हणालो, "आजी, याला बंद कर." ती म्हणाली, "जेवूक बसलेल्या माणसाक उठवूचा नसता, बाबू." पुढे कळले की त्याच दिवसांत तिने आपल्या पाटल्या गहाण टाकल्या होत्या. वाण्याला मात्र तिला रोख मोजावे लागत होते.

म्हणजे गिरणीमालकाने अडकवून ठेवलेला तो दीड महिन्याचा पगार अखेर कोणी भरला? या बायकांनी. मालकाच्या ताळेबंदात तो कोठेच नाही.

आणखी एकीचे नाव या हिशेबात धरायला हवे. ती गावी होती. १८८० साली टपालखात्याने मनिऑर्डर सुरू केली, तेव्हापासून कोकणात पोस्टमनची वाट पाहणे हे बायकांच्या आयुष्यातले एक कामच होऊन बसले. मनिऑर्डरीवर गाव जगले असे आपण म्हणतो. ते खरेच आहे. पण उलटी बाजूही तितकीच खरी. लावणी-कापणी तिने केली, सासूसासऱ्यांचे दुखणेखुपणे तिने काढले, मुले तिने वाढवली. गडी आजारी पडला, गिरणी बंद झाली, संप झाला, म्हातारपण आले, की तो गावी परतणार, हे ठरलेलेच. एकट्या माणसाला पुरेल न पुरेल एवढ्या पगारावर मुंबईने संसारी माणूस राबवला, तो त्याचा संसार दुसरीकडे कोणी तरी चालवीत होते म्हणून. मुंबईने कोकण पोसले म्हणतात. कोकणच्या बायकांनीही मुंबई पोसली, असे म्हणायला हरकत नाही.

१९७३-७४ च्या गिरणीसंपात खाणावळवाल्यांनी कामगारांना उधारीवर जेवू घातले आणि स्वतः कर्जात रुतल्या. कामगार चळवळीत काम करणाऱ्या, मूळच्या गोव्याच्या प्रेमा पुरव यांनी हे जवळून पाहिले. १९७५ साली त्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापले आणि या बायकांना सावकाराऐवजी बँकेचे दार दाखवले. शंभर वर्षांहून अधिक काळ गिरणगावाला जेवू घालणारी बाई तेव्हा कोठे पहिल्यांदा कोणाच्या तरी वहीत स्वतःच्या नावाने आली. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी तो मोठा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले; तो संप रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही. आजीच्या भिंतीवरच्या कित्येक रेघा तशाच राहिल्या. माणसे बोटीने नव्हे, आता एस. टी. ने गावी परतली. काहींनी वर्षा-दोन वर्षांनी थोडे थोडे करून पैसे पाठवले, काहींना ते कधीच जमले नाही. आजीने पुढे भिंतीला चुना काढला, पण तेवढा कोपरा सोडून.

आज त्या गिरण्यांच्या जागी काचेचे मनोरे आहेत. माझ्या शाळेतून शिकून गेलेली पोरे १९९८ पासून धावणाऱ्या कोकण रेल्वेने मुंबईला जातात, उपनगरात चौघे-पाचजण मिळून खोली घेतात, अनामत रकमेसाठी गाववाल्यांकडे हात पसरतात आणि कोणा बाईकडे डबा लावतात. सुटीत भेटायला आली म्हणजे मी त्यांना पगार विचारीत नाही. "डबेवालीचे पैसे दिलेस का?" एवढेच विचारतो.

सुटी संपून शाळा उघडली तेव्हा मी त्या मुलीला उभे केले आणि म्हटले, तुझ्या प्रश्नाचे उत्तर आणले आहे. मग फळ्यावर तेच गणित पुन्हा लिहिले, आणि खाली आणखी एक ओळ घातली: 'पहिले दीड महिने तो ज्या बाईकडे उधार जेवला, तिचे देणे किती?' मुलांनी सर्वांत आधी तेवढेच वजा केले.