शब्दवेध : लिंक्स आणि पुळण

जुलै महिना. मालवणात यांत्रिक मासेमारी बंद, होड्या वर ओढून झापांखाली झाकलेल्या. बाहेर पाऊस झोडपतोय आणि घरात टीव्हीवर ब्रिटनमधली गोल्फ स्पर्धा ‘द ओपन’ चालू. समालोचक दर दोन वाक्यांनी ‘लिंक्स’ म्हणतो. आपल्याला वाटतं, लिंक म्हणजे दुवा. काहीतरी एकमेकांना जोडलेलं असणार.

तसं नाही. हा शब्द जुन्या इंग्रजीतल्या ‘ह्लिंक’चा वंशज. अर्थ उंचवटा, चढण. साखळीतली ‘लिंक’ वेगळ्या कुळातली. समुद्र आणि शेत यांच्यामधल्या वाळूच्या, गवताळ उंचवट्यांना स्कॉटलंडमध्ये लिंक्स म्हणत. नांगराला नकोशी ती जमीन खेळाला मिळाली. पहिली ओपन १८६० साली प्रेस्टविकच्या अशाच लिंक्सवर झाली. झाडाचा आडोसा नाही, त्यामुळे चेंडू कुठे पडायचा ते निम्मं वाराच ठरवतो. २०२३ सालच्या ओपनमध्ये होयलेकच्या वाऱ्यात आपला गोल्फपटू शुभंकर शर्मा संयुक्त आठवा आला, ही कमाई मोठीच.

किनाऱ्यावरच्या अशा वाळूला आपल्याकडचा शब्द पुळण. संस्कृत ‘पुलिन’वरून आलेला. तारकर्ली-देवबागच्या पुळणीवर मर्यादवेल पसरते. आपट्यासारखी दुभंगलेली पानं, जांभळी फुलं, आणि मुळांच्या मुठीत धरलेली वाळू. संस्कृतात ‘मर्यादा’ म्हणजे सीमा, तसाच किनाराही. लिंक्सवर गवत जे काम करतं, ते इथे ही वेल करते, नावासकट.