पडद्यावरचा पहिला गुराखी-नायक

१९०३ सालीं एडिसन कंपनीनें 'द ग्रेट ट्रेन रॉबरी' हा सुमारें १२ मिनिटांचा चित्रपट काढला. दिग्दर्शक एडविन पोर्टर याला घोड्यावरचे दरोडेखोर हवे होते. २३ वर्षांच्या एका नटानें आपणांस घोडा उत्तम येतो असें बेधडक सांगितलें. पण घोड्याला तें पटलें नाहीं व त्यानें स्वाराला वाटेंतच खालीं टाकलें, अशी आख्यायिका आहे. मग गाडींतून पळूं पाहतांना गोळी लागून पडणारा उतारू त्यानें वठविला. हा नट म्हणजे आर्कान्सासमधील ज्यू कुटुंबांत जन्मलेला मॅक्स ॲरन्सन ऊर्फ गिल्बर्ट अँडरसन.

१९०७ सालीं शिकागो येथें जॉर्ज स्पूरच्या भागीदारींत त्यानें कंपनी काढली. दोघांच्या आडनांवांतील 'एस' व 'ए' या आद्याक्षरांवरून तिचें नांव पडलें 'एसॅने'. पुढें खरे डोंगर व खऱ्या वाटा शोधीत अँडरसन पश्चिमेस निघाला आणि १९१२ मध्यें कॅलिफोर्नियांतील नाइल्स या लहानशा गांवीं स्थिरावला.

पाठलाग आणि गोळीबार पडद्यावर आधींच आले होते. नव्हता तो ज्याची प्रेक्षकांनीं वाट पाहावी असा माणूस. अँडरसननें तो निर्माण केला : 'ब्राँको बिली'. कथा त्याची, दिग्दर्शन त्याचें, मुख्य भूमिकाहि त्याचीच. बिली पुष्कळदां गुन्हेगारच असे. परंतु एखाद्या मुलासाठीं वा आजाऱ्यासाठीं तो हातीं आलेली सुटका सोडून देई. एका चित्रांत मेलेला बिली पुढच्या चित्रांत खुशाल घोड्यावर दिसे, आणि त्याबद्दल कोणी तक्रार केली नाहीं! एका रिळाचीं अशीं शंभरांहून अधिक चित्रें निघालीं.

हें यशच पुढें अडचणीचें ठरलें. १९१४ नंतर लांब चित्रपटांचे दिवस आले. विल्यम हार्टचा गंभीर, करारी नायक लोकांना अधिक खरा वाटूं लागला. एका रिळाचा बिली त्यापुढें तोकडा पडला. १९१५ मध्यें एसॅनेंत आलेला चॅप्लिनहि वर्षभरांत निघून गेला. १९१६ सालीं नाइल्सचा स्टुडिओ बंद झाला व अँडरसननें आपला हिस्सा विकला. १९२० नंतर स्टॅन लॉरेलचीं विनोदी चित्रें काढून पाहिल्यावर तो लोकांच्या नजरेआड झाला. ज्वालाग्राही, लवकर कुजणाऱ्या फिल्मवरचीं त्याचीं बहुतेक चित्रेंहि नाहींशीं झालीं.

१९५८ सालीं अमेरिकेच्या चित्रपट अकादमीनें त्याला सन्मानाचा ऑस्कर दिला. १९६५ च्या 'द बाउंटी किलर'मध्यें पंचाऐंशीच्या घरांतला अँडरसन क्षणभर पडद्यावर दिसला. १९७१ मध्यें तो वारला.