मक्यात शिरलेलं पाडस

लासलगावहून पूर्वेला येवला तालुक्यात शिरलं, की पुढे ममदापूर-राजापूरच्या माळावर काळवीट दिसतात. २०१४ साली ममदापूरला संवर्धन राखीव क्षेत्र झालं. पाहुणे कॅमेरे घेऊन येतात. शेतकऱ्याचा जीव मात्र कोवळ्या पिकात अडकलेला असतो.

असंच एक हरण मक्यात शिरलं आणि त्यातून कादंबरी उभी राहिली.

मार्जोरी किनन रॉलिंग्ज १९२८ साली फ्लॉरिडातल्या क्रॉस क्रीक या आडगावी राहायला गेल्या. रानात घर बांधून राहिलेल्या कुटुंबांच्या हकिगती त्या ऐकत गेल्या. मुलाची गोष्ट लिहा, असं संपादक मॅक्सवेल पर्किन्स यांनी सुचवलं आणि १९३८ साली ‘द इयरलिंग’ प्रसिद्ध झाली. काळ १८७०च्या आसपासचा. ज्योडी हा एकुलता एक पोर हरणाचं पाडस घरी आणतो. ते वाढतं आणि घरच्या मक्याचे कोंब खाऊन टाकतं. पुन्हा पेरलं, कुंपण उंच केलं, तरी ते उडी मारून आत. घराचं पोट त्या मक्यावर. शेवटी बंदूक ज्योडीलाच उचलावी लागते.

१९३९ साली या पुस्तकाला पुलित्झर मिळालं. त्याच वर्षी स्क्रिब्नर्स प्रकाशनानं एन. सी. वायथ यांच्या रंगीत चित्रांची आवृत्ती काढली. ‘ट्रेझर आयलंड’च्या १९११च्या आवृत्तीतले चाचे रंगवणारे हेच वायथ. ‘द इयरलिंग’च्या या सचित्र आवृत्तीच्या फक्त ७७० प्रती लेखिका आणि चित्रकार अशा दोघांच्या सह्यांच्या निघाल्या. संग्राहक आजही त्यांच्या मागावर असतात.

मराठीत ही कादंबरी ‘सत्यकथे’चे संपादक राम पटवर्धन यांनी आणली आणि नाव दिलं ‘पाडस’. इंग्रजी शब्दाचा अर्थ वर्षभराचं जनावर. धड पिल्लू नाही, धड मोठं नाही, अगदी ज्योडीसारखं. मराठी नावात ते वय थोडं मागे सरकलं, पण माया आली. मौज प्रकाशनानं काढलेलं हे पुस्तक पिढ्यान्‌पिढ्या घरोघर वाचलं गेलं. त्यासाठी कुणाला सहीची प्रत लागली नाही.

वायथची चित्रं न पाहिलेल्या येवल्याच्या वाचकालाही कुंपणावरून झेपावणारं ते हरण लगेच दिसतं. त्याच्या बांधापलीकडे मका आहे, आणि मक्यात खुरांचे ठसे.