चान खोंग : देश सुटला, काम सुटले नाही

थिच न्हात हान्ह हे नाव आपल्याकडच्या धम्मवाचकांना ओळखीचे आहे. त्यांच्यासोबत सुमारे सहा दशके काम केलेल्या भिक्खुनी चान खोंग यांचे नाव मात्र फार कमी जण घेतात. फोटोत त्या शेजारी उभ्या दिसतात आणि खाली 'शिष्या' एवढीच ओळख छापलेली असते. प्लम व्हिलेज ही आज जगभर माहीत असलेली संस्था उभी राहिली त्यात या बाईंचे कष्ट किती आहेत, हे चळवळीत काम करणाऱ्या तरुणांना, विशेषतः मुलींना, ठाऊक असावे म्हणून आम्ही हा लेख लिहीत आहोत.

त्यांचा जन्म 1938 साली व्हिएतनाममधल्या मेकाँग नदीच्या खोऱ्यात, बेन त्रे येथे झाला. मूळ नाव काव न्गॉक फुआंग. घर खाऊनपिऊन सुखी, भावंडे नऊ. सायगॉनला जीवशास्त्र शिकायला आल्या आणि अभ्यासाइतकाच वेळ झोपडपट्ट्यांत घालवू लागल्या. घरोघरी फिरून तांदूळ गोळा करायचा, आजाऱ्यांना दवाखान्यात न्यायचे, मुलांना अक्षरे शिकवायची. हे काम बघून काही जाणत्या भिक्खूंनी त्यांना समजावले की याने पुण्य मिळेल, ज्ञानप्राप्ती नव्हे. आधी साधना, मग सेवा. ते त्यांना पटले नाही. 1959 मध्ये थिच न्हात हान्ह यांची व्याख्याने ऐकली, तेव्हा सेवा हीच साधना होऊ शकते असे म्हणणारा आचार्य त्यांना पहिल्यांदा भेटला.

हा वाद आपल्याला नवा नाही. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या 1957 साली प्रकाशित झालेल्या ग्रंथाच्या प्रास्ताविकात बाबासाहेबांनी नेमका हाच प्रश्न मांडला आहे : भिक्खू हा केवळ स्वतःपुरता परिपूर्ण माणूस, की समाजाचा सेवक? चान खोंग यांनी तो ग्रंथ तेव्हा वाचला होता असे आमचे म्हणणे नाही. पण सायगॉनच्या वस्तीत एक विद्यार्थिनी त्याच काळात त्याच प्रश्नाशी झगडत होती, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

1963 मध्ये त्या पॅरिसला जाऊन जीवशास्त्राची पदवी पूर्ण करून आल्या आणि विद्यापीठात शिकवू लागल्या. 1965 मध्ये थिच न्हात हान्ह यांच्या पुढाकाराने समाजसेवेसाठी तरुणांची शाळा सुरू झाली, तिचा कारभार सांभाळणाऱ्यांत त्या होत्या. तरुण मुले-मुली आणि भिक्खू खेड्यात जाऊन राहायचे. शाळा, दवाखाना, शेती, रस्ते ही कामे गावकऱ्यांबरोबर करायचे. फेब्रुवारी 1966 मध्ये 'तिएप हिएन' संघाची पहिली दीक्षा सहा जणांना मिळाली, त्यांत त्या एक.

युद्धात कोणाचीच बाजू न घेणाऱ्याची काय अवस्था होते, ते या शाळेने भोगले. कम्युनिस्टांना हे अमेरिकेचे हस्तक वाटत, सरकारला हे कम्युनिस्ट वाटत. उत्तर-दक्षिण सीमेजवळचे त्रा लोक हे गाव बाँबहल्ल्यात उद्ध्वस्त झाले. कार्यकर्त्यांनी ते पुन्हा बांधले. पुन्हा बाँब पडले, पुन्हा बांधले. असे अनेकदा झाले. 1967 साली शाळेच्या काही तरुणांना नदीकाठी नेऊन गोळ्या घालण्यात आल्या. त्यांच्या अंत्यसंस्कारात मारेकऱ्यांविषयी द्वेषाचा एकही शब्द उच्चारला गेला नाही. त्याच वर्षी मे महिन्यात, पहिल्या सहांपैकी एक असलेल्या न्हात ची माई या त्यांच्या मैत्रिणीने शांततेची हाक देत आत्मदहन केले. त्या मार्गाचा गौरव आम्ही करणार नाही. मात्र तिशीही न गाठलेल्या चान खोंग यांनी त्या एका वर्षात किती जवळची माणसे गमावली, ते यावरून कळते.

थिच न्हात हान्ह 1966 पासून परदेशात अडकले होते. त्यांच्या शांततेच्या कामात मदत करायला चान खोंग 1968 मध्ये देशाबाहेर पडल्या. मायदेशाची माती त्यांना पुन्हा दिसली ती थेट 2005 मध्ये.

निर्वासिताच्या आयुष्यात पहिली काही वर्षे बहुतेक वेळा स्वतःचे पोट आणि कागदपत्रे यांतच जातात. पॅरिसमध्ये या लोकांनी 1969 पासून बौद्ध शांतता प्रतिनिधिमंडळाचे छोटेसे कार्यालय चालवले आणि तिथून युद्धातल्या अनाथ मुलांसाठी पालक शोधले. एकेका मुलाचा अर्ज व्हिएतनामहून यायचा. त्याचे भाषांतर करायचे, मग तो युरोपातल्या एखाद्या कुटुंबाकडे पाठवून दरमहा मदत मागायची. काम कंटाळवाणे, पण प्रत्येक कागदामागे एक मूल होते.

1975 मध्ये सायगॉन पडले, शाळा बंद झाली, संपर्कही तुटला. तेव्हा औषधांची छोटी छोटी पार्सले पाठवण्याचा मार्ग चान खोंग यांनी काढला. औषध वापरता येते आणि विकून तांदूळही घेता येतो. पाठवणाऱ्याचे नाव दरवेळी वेगळे, म्हणजे संशय येऊ नये. त्याच सुमारास फ्रान्समधील फोंव्हानजवळ त्यांनी एक छोटे सामूहिक घर उभे केले. त्याला नाव दिले 'रताळी', कारण तांदूळ परवडत नाही तेव्हा व्हिएतनामी गरीब वाळवलेल्या रताळ्यांवर दिवस काढतात.

1976-77 मध्ये होड्यांतून पळून आलेल्या व्हिएतनामी निर्वासितांना वाचवण्यासाठी त्यांनी सिंगापूरहून जहाजे भाड्याने घेतली. सुमारे 800 माणसे जहाजांवर घेतली, पण त्यांना उतरवून घ्यायला बंदर मिळेना, आणि सिंगापूर सरकारने थिच न्हात हान्ह यांना 24 तासांत देश सोडायला सांगितले. ती मोहीम मध्येच थांबली.

1982 मध्ये नैऋत्य फ्रान्समध्ये जुनी दगडी शेतघरे घेऊन प्लम व्हिलेज सुरू झाले. तिथे प्लमची 1,250 झाडे लावली. बुद्धांच्या काळातल्या 1,250 भिक्खूंची ती आठवण. फळांचे पैसे व्हिएतनाममधल्या भुकेल्या मुलांकडे जात. म्हणजे नव्या देशात पहिली बाग लावली तीही जुन्या देशासाठी.

इतकी वर्षे त्या उपासिकाच होत्या. 1988 मध्ये, पन्नाशीत, त्यांनी केस उतरवले आणि संघात प्रवेश केला. जागा फ्रान्समधली नव्हे. राजगीरचा गृध्रकूट पर्वत, जिथे भगवान बुद्धांनी अनेक उपदेश दिले. राजगीरला जाणाऱ्या आपल्या धम्मसहलींनी गृध्रकूटावर ही आठवणही सांगावी, असे आम्हाला वाटते. चान खोंग या नावाचा अर्थ 'खरी शून्यता'.

2005 साली थिच न्हात हान्ह यांच्यासोबत त्या व्हिएतनामला परतल्या. त्यानंतर बाओ लोकजवळच्या बात न्हा विहारात शेकडो तरुण-तरुणी भिक्खू-भिक्खुनी होण्यासाठी जमले. सप्टेंबर 2009 मध्ये जमाव घुसवून त्यांना तिथून हाकलण्यात आले. त्यांतले बरेच जण पुढे देश सोडून गेले. थायलंडमधले प्लम व्हिलेज त्यातूनच उभे राहिले.