हद्दीबाहेरचे पोलीस

पोलिसांच्या गाडीवर तिच्या दलाचे नाव लिहिलेले असते. आपल्याच गावची गाडी रोज रस्त्यावरून गेली तरी त्या अक्षरांकडे कोणी पाहत नाही. परंतु परक्या जिल्ह्याचे नाव मिरविणारी गाडी चौकात उभी दिसली, की दुकानदार गादीवरून मान उंचावतो आणि ‘काय झाले?’ अशी विचारपूस सुरू होते. आषाढीच्या दिवसांत पंढरपुरात बाहेरच्या जिल्ह्यांचा बंदोबस्त येतो, त्याचे कोणास नवल वाटत नाही. कारण तेथे जमणारी गर्दीही बाहेरचीच असते. एरवी मात्र परगावची पोलीसगाडी ही काही असाधारण घडल्याची किंवा घडणार असल्याची खूण समजली जाते.

आपल्या देशात एका प्रांताच्या पोलिसाला दुसऱ्या प्रांतात अधिकार चालविता यावा, अशी तरतूद १८८८ च्या पोलीस कायद्याने झाली. परंतु हद्द ओलांडलेल्या पोलिसाचा इतिहास ज्याला पाहावयाचा असेल, त्याने विलायतेकडे वळावे. तेथे पोलीस हे साऱ्या देशाचे असे कधीच नव्हते. प्रत्येक शहराचे व परगण्याचे दल निराळे, त्याचा मुख्य निराळा, आणि त्याचा खर्च सोसणारे करदातेही निराळे. सर्व संख्या घटविल्यावर आजसुद्धा इंग्लंड व वेल्स मिळून अशी ४३ दले आहेत. पोलीस आपल्या ओळखीचा असावा, त्याला जाब विचारता यावा, ही इंग्रज माणसाची जुनी हौस. ती किती खरी आणि किती लटकी, हे तेव्हाच कळून येते जेव्हा एखाद्या गावावर परक्या गावचे पोलीस येऊन उतरतात.

असे उतरण्याचा गाजलेला पहिला प्रसंग १८३९ सालचा. त्याच्या दहाच वर्षे आधी, १८२९ मध्ये, सर रॉबर्ट पील यांनी लंडनचे नवे पोलीस दल उभारले होते. निळा कोट, उंच टोपी, हातात दंडुका आणि कॉलरवर क्रमांक असा त्या शिपायाचा थाट असे. हे दल थेट गृहमंत्र्याच्या हाताखाली होते. बाहेरगावी कोठे दंगाधोपा झाला आणि तेथील मॅजिस्ट्रेटांचे हातपाय गळाले, की गृहमंत्री लंडनचे शिपाई उसने देई. फौज पाठविण्यापेक्षा हे बरे, कारण फौजेजवळ बंदुका असतात. परंतु टपालाच्या घोडागाडीतून किती शिपाई जाणार आणि केव्हा पोहोचणार? ही अडचण आगगाडीने दूर केली. लंडन ते बर्मिंगहॅम हा ११२ मैलांचा लोहमार्ग १७ सप्टेंबर १८३८ रोजी संपूर्ण खुला झाला, आणि जेथे पूर्वी अर्धा दिवस लागे तेथे पाच-सहा तास पुरेसे झाले.

बर्मिंगहॅमला त्या वेळी नगरपालिका नुकतीच मिळाली होती. स्वतःचे पोलीस दल मात्र नव्हते. चार्टिस्ट चळवळ ऐन भरात होती. प्रौढ पुरुषांना मताचा हक्क मिळावा, मतदान गुप्त असावे, अशा सहा मागण्यांसाठी मजूरवर्ग उठला होता आणि त्यांच्या प्रतिनिधींची परिषद मे महिन्यात लंडनहून बर्मिंगहॅमला येऊन बसली होती. बुल रिंग नावाच्या जुन्या बाजारचौकात रोज सायंकाळी लोक जमत, भाषणे होत, वर्तमानपत्रे मोठ्याने वाचून दाखविली जात. ज्याला अक्षरओळख नाही त्याला देशाची खबर कळण्याचे ते ठिकाण होते. नगराध्यक्ष व मॅजिस्ट्रेट यांनी या सभांना बंदी केली. लोकांनी ती मानली नाही.

तेव्हा हे अधिकारी स्वतः लंडनला गेले आणि ४ जुलै १८३९ रोजी साठ पोलीस शिपाई घेऊन आगगाडीने परतले. गाडी संध्याकाळी पोहोचली. शिपायांना विसावा नाही, गावाची माहिती नाही. स्थानकावरून ते सरळ बुल रिंगमध्ये नेण्यात आले आणि गर्दीत घुसून दंडुके चालवू लागले. ज्यांच्यावर दंडुके पडत होते त्यांनी ही माणसे पूर्वी कधी पाहिली नव्हती, आणि दंडुके चालविणाऱ्यांना त्या चौकाला किती वाटा फुटतात हेसुद्धा ठाऊक नव्हते. पहिला धक्का ओसरताच लोकांनी उलट मारा केला. शिपायांची फळी फुटली, काहींना भोसकण्यात आले, आणि ज्या फौजेला टाळण्यासाठी त्यांना आणले होते तीच फौज बोलावून त्यांची सुटका करावी लागली.

दुसऱ्या दिवशी चार्टिस्ट परिषदेने निषेधाचे ठराव केले. लंडनहून आलेले हे दल राज्यघटनेला सोडून आहे आणि रक्ताला चटावलेले आहे, असा त्यांचा आशय होता. त्यांत एक झोंबणारा टोलाही होता. हे शिपाई आणणारे अधिकारी सत्तेवर येण्यापूर्वी स्वतःच लोकांच्या अशाच सभा भरवीत असत, असे त्यांना सुनावले होते. आणि ते खोटे नव्हते. १८३२ च्या सुधारणा कायद्यासाठी बर्मिंगहॅममध्ये उठलेल्या चळवळीतूनच यांपैकी कित्येक मंडळी पुढे आली होती. ठरावांवर विल्यम लव्हेट यांनी एकट्यांनी सही केली, आणि जॉन कॉलिन्स यांनी ते छापखान्यात नेले. दोघांवर खटला झाला आणि प्रत्येकी एक वर्षाचा कारावास वॉरिकच्या तुरुंगात भोगावा लागला. दंडुका कोणाच्या हुकमाने चालला, याची चौकशी मागे पडली. तो प्रश्न कागदावर मांडणारे मात्र गजाआड गेले.

इकडे पार्लमेंटने १२ जुलै रोजी चार्टिस्टांचा अर्ज २३५ विरुद्ध ४६ मतांनी बाजूला सारला. त्या अर्जावर बारा लाखांहून अधिक सह्या होत्या. तीन दिवसांनी, १५ जुलैच्या रात्री, बुल रिंगमध्ये पुन्हा दंगा होऊन दुकानांना आगी लावण्यात आल्या. या खेपेस लंडनचे पोलीस जवळच होते, परंतु बराच वेळ ते हललेच नाहीत. कारण मॅजिस्ट्रेटचा हुकूम असल्याखेरीज हात उचलू नये अशी त्यांना ताकीद मिळाली होती. पहिल्या वेळी हुकूम घाईने निघाला आणि दुसऱ्या वेळी लवकर निघालाच नाही. गावचा माहीतगार अंमलदार असता तर त्याने दोन्ही वेळी अधिक तारतम्य दाखविले असते, असे म्हणावयास पुष्कळ जागा आहे. नंतर बर्मिंगहॅमला स्वतंत्र दल मिळाले, पण त्याचा आयुक्त गृहमंत्र्याने नेमला. खर्च शहराचा आणि अंमल लंडनचा. तो अंमल नगरपालिकेच्या हाती यावयास १८४२ साल उजाडले.

यानंतर परगावी जाणे हे लंडनच्या पोलिसांच्या अंगवळणी पडले. १८६० पासून १९३४ पर्यंत आरमाराच्या गोद्यांवर पहारा त्यांचाच असे, त्यामुळे पोर्टस्मथच्या मुलांना लंडनचा शिपाई हा घरचाच वाटत असावा. १८९० च्या कायद्याने दलांना आपसांत मदतीचे करार करण्याची मुभाही मिळाली. या शांत काळाविषयी अधिक सांगण्यासारखे नाही.

१९१० च्या नोव्हेंबरात मात्र वेल्समधील ऱ्होंडा खोऱ्यात कोळशाच्या खाणींचा मोठा संप झाला. तेथील पोलीसप्रमुख लायोनेल लिंडसे यांनी फौज मागविली. गृहमंत्री होते विन्स्टन चर्चिल. त्यांनी निघालेली फौज वाटेत थोपविली आणि तिच्याऐवजी लंडनचे सुमारे तीनशे पोलीस, त्यांत काही घोडेस्वार, आगगाडीने रवाना केले. हेतू रक्तपात टाळण्याचा होता, आणि तो प्रामाणिक होता असे मानण्यास हरकत नाही. परंतु आगगाडीला व्हावयाचा तो उशीर झाला. ८ नोव्हेंबरच्या संध्याकाळी टोनीपँडी गावातील दुकाने फुटली, आणि लंडनची मंडळी रात्री पोहोचली तेव्हा रस्त्यावर काचांचा खच तेवढा उरला होता. त्या दंग्यात एका औषधविक्रेत्याचे दुकान गर्दीने शिवलेही नाही असे सांगतात. कारण तो वेल्सच्या संघातून रग्बी खेळलेला नामांकित खेळाडू होता. दंगेखोरांना प्रत्येक दुकान ओळखीचे होते. ज्यांना शांतता राखावयास आणले त्यांना एकही माणूस ओळखीचा नव्हता.

पुढच्या आठवड्यांत डोंगरउतारावरच्या अरुंद गल्ल्यांतून चकमकी झाल्या, त्यांचा मुख्य भार या पोलिसांनीच उचलला. चर्चिल यांनी मागाहून फौजही खोऱ्यात जाऊ दिली. तिने तेथे गोळी झाडली नाही. तरी वेल्सच्या स्मरणात राहिले ते एकच वाक्य : चर्चिलने टोनीपँडीवर सैन्य धाडले. १९७८ साली पंतप्रधान कॅलॅघन यांनी भर पार्लमेंटात चर्चिल यांच्या नातवाला त्यावरून टोमणा मारला. लोकस्मृतीने येथे गृहमंत्र्यावर अन्याय केला हे उघड आहे. परंतु ज्याच्या डोक्यात परक्या माणसाचा दंडुका बसला, त्याने तो शिपाई होता की सोजीर हा भेद बारकाईने का जपावा?

आता पुन्हा बर्मिंगहॅमकडेच यावे लागते. १० फेब्रुवारी १९७२ रोजी, खाणकामगारांच्या देशव्यापी संपात, त्या शहरातील सॉल्टली येथील कोळशाच्या वखारीपुढे हजारो कामगार जमले. शहरातल्या कारखान्यांतील कामगारही काम टाकून त्यांना मिळाले. पोलीसप्रमुखांनी गर्दी पाहिली, आपली माणसे मोजली आणि वखारीचे दरवाजे बंद करविले. डोकी फुटली नाहीत. स्थानिक अधिकाऱ्याचा हा शहाणपणा म्हणावा; सरकारने मात्र तो पराभव मानला. त्याच साली लंडनच्या पोलीस कचेरीत एक केंद्र स्थापन झाले. कोणत्या दलाजवळ किती माणसे मोकळी आहेत आणि ती कोठे हवी आहेत, याचा हिशेब तेथे ठेवावयाचा होता.

१९८४ च्या मार्चमध्ये खाणकामगारांचा वर्षभराचा संप सुरू झाला, तेव्हा त्या केंद्राचे दिवे लागले. नॉटिंगहॅमशायरचे बहुतेक खाणकामगार कामावर जात होते; त्यांना थोपविण्यासाठी यॉर्कशायरहून संपकरी येत, आणि संपकऱ्यांना थोपविण्यासाठी साऱ्या इंग्लंडातून पोलीस. पहाटेच्या अंधारात हमरस्त्यावरून पोलीसगाड्यांची रांग चाले आणि एकेका गाडीवर दूरच्या परगण्याचे नाव दिसे. गर्दीच्या दिवसांत अशा पाहुण्या शिपायांची संख्या आठ हजारांपर्यंत गेली. लष्करी छावण्यांत त्यांचा मुक्काम असे. केंटच्या खाणकामगारांना तर थेम्स नदीखालच्या डार्टफर्ड बोगद्यापाशीच अडविण्यात आले. ज्या खाणींकडे ते निघाले होते त्या तेथून शंभर मैलांहून दूर होत्या. कायद्याने पाहुणा पोलीस यजमान दलाच्या प्रमुखाच्या आज्ञेत असतो, असे १९६४ चा पोलीस कायदा सांगत होता. परंतु कोण कोठे जाणार हे लंडनच्या कचेरीत ठरत होते, आणि खर्च कोणी द्यावा यावर स्थानिक मंडळे व सरकार यांच्यात तंटे चालले होते.

खाणींच्या गावांत आजही एक गोष्ट सांगतात. बाहेरचे पोलीस, विशेषतः लंडनचे, जादा कामाच्या पगाराच्या नोटा संपकऱ्यांसमोर नाचवीत. ज्याच्या घरी चूल पेटण्याची भ्रांत, त्याला ती नोट काठीहून लागली असल्यास नवल नाही. गावचा पोलीस असे करता ना. त्याला त्याच गल्लीत राहावयाचे होते, त्याची मुले त्याच शाळेत जावयाची होती. पाहुणा आठवड्याअखेर गाडीत बसून निघून जाई. मागे उरलेला राग गावच्या पोलिसाच्या वाट्याला येई, आणि कित्येक गावांत तो दीर्घकाळ निवळला नाही.

१८ जून १९८४ रोजी ऑरग्रीव्ह येथे अनेक दलांचे हजारो पोलीस आणि हजारो संपकरी यांची गाठ पडली. ९५ जणांवर खटले भरले. पुरावा टिकला नाही आणि ते सारे कोसळले. १९९१ मध्ये साउथ यॉर्कशायर पोलिसांनी ३९ संपकऱ्यांना ४ लाख २५ हजार पौंड भरपाई दिली. भरपाई यजमान दलाने दिली, हे लक्षात घेण्यासारखे आहे. घोडे आणि ढाली घेऊन आलेली पाहुणी दले केव्हाच आपापल्या गावी पोहोचली होती. २०११ च्या ऑगस्टमध्ये लंडनमध्येच दंगे पेटले. राजधानीच्या रस्त्यांवर सोळा हजार पोलीस उभे करण्यासाठी परगण्यापरगण्यांतून कुमक आली, तेव्हा परक्या नावांच्या गाड्या पाहण्याची पाळी प्रथमच एवढ्या प्रमाणावर लंडनकरांवर आली.

ऑरग्रीव्हला त्या दिवशी हुकूम कोणाचा चालला होता, हा प्रश्न मात्र मिटला नव्हता. २०२५ च्या जुलै महिन्यात ब्रिटिश सरकारने त्याची चौकशी जाहीर केली, तेव्हा त्या रणात विशीत असलेले खाणकामगार साठी ओलांडून गेले होते.