सुट्टीतील विज्ञानवर्ग : निवडावेत कसे?

वार्षिक परीक्षा आटोपतात न आटोपतात तोच वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत, सोसायट्यांच्या फलकांवर आणि शाळांच्या फाटकांपाशी उन्हाळी शिबिरांची पत्रके दिसू लागतात. पोहणे, नाट्य, सुलेखन, बुद्धिबळ यांच्या जोडीला 'विज्ञानवर्ग' हा शब्दही आता या पत्रकांत रुळला आहे. मात्र एकाच नावाखाली अगदी निराळ्या गोष्टी दिल्या जातात आणि पालकांचा गोंधळ उडतो तो तेथेच.

यांतील मोठा वाटा पुढील इयत्तेच्या अभ्यासक्रमाचा असतो. सातवी-आठवीपासून अभियांत्रिकी व वैद्यकीय प्रवेश परीक्षांचा पाया घालून देणारे वर्ग सुट्टीत भरतात, जूनमध्ये शाळेत जे शिकवले जाणार ते मे महिन्यातच 'करून' घेतात. ज्यांना ते हवे त्यांनी जरूर घ्यावे. पण त्याला विज्ञानवर्ग म्हणू नये, ती शिकवणी होय. दुसरा प्रकार तयार संचांचा. खोक्यातील सुटे भाग सूचनापत्रकाप्रमाणे जोडले की गाडी धावते, दिवा लागतो, मूल आनंदाने घरी येते. यात हाताला काम मिळते हे खरे, परंतु काही बिघडण्याची सोय त्यात ठेवलेली नसते आणि विज्ञान नेमके तेथूनच सुरू होते.

एका साध्या उदाहरणावरून हे स्पष्ट होईल. टॉर्चमधील एक सेल, दोन सेफ्टी पिना, सायकलच्या ट्यूबमधून कापलेला रबराचा पट्टा, एक छोटे चुंबक आणि मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात मिळणारी मीटरभर इनॅमल चढवलेली तांब्याची तार एवढ्या साहित्यात फिरणारी विद्युत मोटार तयार होते. अरविंद गुप्ता यांनी ही मोटार देशभरातील असंख्य मुलांपर्यंत पोहोचवली. तारेचे दहाबारा वेढे घ्यायचे, दोन्ही टोके पिनांच्या भोकांत अडकवायची. मात्र त्याआधी टोकांवरचे इनॅमल खरवडावे लागते, आणि तेही तीन बाजूंनीच. चौथी बाजू तशीच ठेवायची. उत्साही मूल बहुधा चारही बाजू स्वच्छ खरवडते. मग वेटोळे अर्धा फेरा घेते, मागे येते आणि थरथरत राहते. कारण असे की, अर्ध्या फेऱ्यानंतर चुंबकाचा जोर वेटोळ्याला उलट दिशेने ढकलू लागतो. त्या क्षणी वीज तुटली तरच आधीच्या गतीच्या बळावर वेटोळे पुढे सरकते, आणि वीज तोडण्याचे काम ते न खरवडलेले इनॅमल करते. खरवडलेली तार आयती हाती आली, तर मुलाला मोटार मिळते. ती का फिरते हा प्रश्न मात्र मिळत नाही. शाळेच्या पस्तीस-चाळीस मिनिटांच्या तासात पन्नास मुलांना थरथरणाऱ्या वेटोळ्यापाशी थांबू देणे शिक्षकाला शक्य नसते. सुट्टीत ते शक्य असते आणि सुट्टीतील वर्गाचे खरे प्रयोजन तेच आहे.

या विचाराला आपल्याकडे चांगली परंपरा आहे. मध्य प्रदेशातील होशंगाबाद (आताचे नर्मदापुरम) जिल्ह्यात १९७२ मध्ये सोळा ग्रामीण शाळांतून प्रयोगाधारित विज्ञानशिक्षण सुरू झाले. त्याचे शिक्षक उन्हाळ्यातील प्रशिक्षण शिबिरांतून घडले. पुण्यात टेल्कोमध्ये अभियंता असलेले गुप्ता १९७८ मध्ये वर्षभराची रजा घेऊन तेथे गेले, आणि सायकलच्या वॉल्व्ह-ट्यूबने आगपेटीच्या काड्या जोडून भूमितीच्या आकृत्या करण्याची त्यांची प्रसिद्ध पद्धत याच काळातली. राज्य शासनाने २००२ मध्ये तो कार्यक्रम बंद केला.

पुण्यातील 'आयुका' या संस्थेचा शालेय उन्हाळी कार्यक्रम हा याच कुळातला, पण घडणीने वेगळा. डॉ. जयंत नारळीकर संचालक असताना १९९३ मध्ये तो सुरू झाला. शहरातील शाळांनी आठवी ते दहावीतील निवडक विद्यार्थी पाठवायचे, आणि चार-सहा जणांच्या गटाने आठवडाभर एखाद्या शास्त्रज्ञाबरोबर काम करायचे, अशी त्याची रचना. ठरलेला अभ्यासक्रम नाही, परीक्षा नाही. काय करायचे ते मार्गदर्शक आणि मुले मिळून ठरवणार आणि आठवड्याच्या शेवटी अहवाल लिहिणार. स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना नारळीकर पोस्टकार्डावर एखादा प्रश्न लिहून पाठवायला सांगत, उत्तर आणि स्वाक्षरी टपालाने मिळे. त्याच वृत्तीचा हा विस्तार म्हणायला हरकत नाही. पुढे आवारात 'मुक्तांगण विज्ञान शोधिका' उभी राहिली. तिच्या इमारतीला सप्तर्षींतील ताऱ्यावरून 'पुलस्त्य' हे नाव मिळाले, आणि त्यात पु. लं.ची आठवणही गुंफली गेली. गुप्ता २००३ पासून २०१४ पर्यंत तेथे कार्यरत होते.

तरीही एक गोष्ट नोंदवायला हवी. शाळेने मोजकीच मुले पाठवायची म्हटले की, गुणपत्रिकेतील पहिले-दुसरे क्रमांक आपोआप पुढे होतात. घरातला पंखा उघडून बसणारा, पण वर्गात विसावा येणारा मुलगा मागेच राहतो. अशा मुलांचे पालक शाळेकडे आग्रह धरत नाहीत. त्यांनी तो धरावा.

महाराष्ट्रातील उन्हाळी वर्गांना निसर्गानेच एक प्रयोग बहाल केला आहे, तो म्हणजे शून्य सावली. सूर्य उत्तरेकडे सरकत असताना मे महिन्यात एकेका गावाच्या बरोबर माथ्यावर येतो : कोल्हापुरात पहिल्या आठवड्यात, पुण्यात १३-१४ मेच्या सुमारास, मुंबईत १५-१६ मेला, नाशिकला २० मेच्या आसपास आणि नागपुरात २६ मेला. परतीच्या वाटेवर तो पुन्हा माथ्यावर येतोच, पण तेव्हा आकाश पावसाळी ढगांनी भरलेले असते. सुट्टीतली संधी म्हणूनच मोलाची. उभ्या काठीच्या सावलीचे टोक दर पाच मिनिटांनी खडूने टिपले की, मुंबईच्या मुलांना पहिला धक्का बसतो : सावली सर्वांत आखूड होते ती बाराला नव्हे, साधारण १२ वाजून ३५ मिनिटांनी. घड्याळ चुकीचे नाही. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे आणि मुंबई त्याच्या सुमारे दहा अंश पश्चिमेला.

दोन गावांतील वर्गांनी दूरध्वनीवरून संपर्क ठेवला, तर पुढची पायरीही गाठता येते. नाशिक आणि कोल्हापूर जवळपास एकाच रेखांशावर असून, त्यांच्यातील अंतर सुमारे ३६५ किलोमीटर आहे. नाशिकला सावली नाहीशी होते त्या दिवशी कोल्हापुरात मीटरभर काठीची सावली जेमतेम ६ सेंटिमीटर पडते, तीही दक्षिणेकडे. त्यावरून कोन निघतो ३.३ अंशांचा आणि त्रैराशिकाने पृथ्वीचा परीघ येतो सुमारे ४० हजार किलोमीटर. एराटोस्थेनिसने बावीसशे वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये वापरलेली युक्ती हीच. मोजण्यात अर्ध्या सेंटिमीटरची चूक झाली, तर उत्तर तीन-साडेतीन हजार किलोमीटरनी सरकते. सावलीची कड मुळातच धूसर असल्याने ती चूक होतेच. चांगला शिक्षक येथे पुस्तकातला आकडा सांगत नाही, 'पुन्हा मोजा' म्हणतो.

याखेरीज निवड परीक्षांतून भरणारी शिबिरे आहेत. मुंबईत मानखुर्द येथील होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात एप्रिल ते जून या काळात राष्ट्रीय ऑलिंपियाडची शिबिरे भरतात. तेथे पोहोचणारी मुले मोजकी असतात आणि त्यांतूनच आंतरराष्ट्रीय स्पर्धेचे संघ निवडले जातात. १९६३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय प्रज्ञाशोध योजनेतही पूर्वी शिष्यवृत्तीधारकांसाठी उन्हाळी वर्ग असत. ती योजना २०२१ मध्ये थांबली आणि १९९९ पासूनची किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजना २०२२ मध्ये. खासगी वर्गांना मोकळे रान मिळाले त्यात याचाही वाटा असावा.

मग नोंदणी करताना विचारावे काय? एका मार्गदर्शकामागे किती मुले, हा पहिला प्रश्न. पंधरा-वीसच्या पुढे आकडा गेला की प्रयोगाचे प्रात्यक्षिक होते आणि मुले प्रेक्षक बनतात. काल फसलेला प्रयोग आज पुन्हा करायला वेळ ठेवला आहे का, मुले स्वतःची नोंदवही लिहितात की छापील पुस्तिका भरतात, रसायने व सोल्डरिंग हाताळताना संरक्षक चष्मे दिले जातात का, हेही विचारावे. मराठी माध्यमाच्या मुलाला मराठीतून शंका विचारता येईल का, याचीही खातरजमा करावी. चुनाभट्टीची मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून विज्ञान मराठीतून मांडत आली आहे. वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र आणि नागपूरचे रमण विज्ञान केंद्र येथील सुट्टीतील उपक्रमांचीही चौकशी करावी. प्रमाणपत्राविषयी विचारण्याची गरज नाही. ते सगळेच देतात.

जागा लवकर भरतात, त्यामुळे चौकशी मार्चमध्येच केलेली बरी. वर्षागणिक वेळापत्रके बदलतात, तेव्हा तारखा प्रत्यक्ष संस्थेकडूनच घ्याव्यात. जेथे असा वर्ग नाही, तेथे अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावरील खेळणी व पुस्तके विनामूल्य आहेत, त्यांत मराठीही पुष्कळ आहेत. सावलीच्या प्रयोगाला तर गच्ची, काठी आणि खडू पुरतात. साडेबाराच्या उन्हात मुलांच्या डोक्यावर टोपी आणि जवळ पाण्याची बाटली मात्र असावी.