तळटीप २७ : ‘कोलकात्याचा निकाल’

२७. निरगुडसर (ता. आंबेगाव, जि. पुणे) येथील कुक्कुटपालकाच्या तोंडी आलेला हा निकाल, डिमिनाको ए. जी. या स्विस कंपनीच्या अपिलावर कलकत्ता उच्च न्यायालयाने १५ जानेवारी २००२ रोजी दिला. प्रकरण कोंबड्यांच्या गंबोरो रोगावरील लशीचे होते. अमेरिकेतील डेलावेअर राज्यातल्या ज्या ठिकाणी हा विषाणुजन्य रोग १९६२ च्या सुमारास प्रथम नोंदला गेला, त्याचेच नाव त्यास चिकटले; ३ ते ६ आठवड्यांच्या पिलांच्या गुदद्वारानजीकची बर्सा ही ग्रंथी त्यात आधी सुजते, मग आक्रसते, आणि प्रतिकारशक्तीच खचल्यामुळे इतर रोगांवरील लशीही पुरेशा लागू पडत नाहीत. सदरहू कंपनीचा दावा लशीवर नसून ती सिद्ध करण्याच्या कृतीवर होता. परंतु त्या कृतीअखेर जिवंत विषाणूच हाती येतो, सबब ती १९७० च्या पेटंट कायद्याला अभिप्रेत असलेली ‘निर्मिती’ नव्हे, असा अर्थ लावून पेटंट कचेरीने अर्ज नामंजूर केला होता. अंतिम वस्तू सजीव आहे एवढ्याच कारणास्तव कृती वर्ज्य ठरविण्यास कायद्यात आधार नाही, ती वस्तू विक्रेय आहे की नाही हे पाहावे, असे ठरवून न्यायालयाने अर्ज फेरविचारार्थ परत धाडला. तेव्हा ‘न्यायालयाने पेटंट दिले’ हे मूळ लेखातील विधान सैल समजावे. — संपा.